मतपत्रिकेवरील नाव : विधानसभेच्या उमेदवारीची वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय शिकविले. नागरिकशास्त्र हा आपल्याकडे थोड्या गुणांचा आणि म्हणून थोड्या आस्थेचा विषय मानला जातो. प्रौढपणी मात्र दर पाच वर्षांनी याच विषयाची परीक्षा आपणा सर्वांना द्यावी लागते. तेव्हा गुरुजींच्या विषयातीलच एक लहानसा, परंतु सहसा न शिकविला जाणारा धडा आज आपल्यापुढे मांडावा, असे मी ठरविले.

मतदानाच्या हक्काविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. प्रौढ मताधिकार, गुप्त मतदान, एक व्यक्ती एक मत ही तत्त्वे आता आपल्या अंगवळणी पडली आहेत. परंतु मतदार यंत्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे काही ठरावीकच नावे असतात. त्या नावांतूनच त्याला निवड करावयाची असते. ती नावे तेथे आली कशी, कोणी आणली आणि जी आली नाहीत ती कोठे अडली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मतदाराचे स्वातंत्र्य जेथे सुरू होते असे आपण समजतो, त्याच्या बऱ्याच आधी त्या स्वातंत्र्याची चौकट आखली गेलेली असते. आजचा विषय आहे तो या चौकटीचा.

आपल्या पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचे नावच नसे. प्रत्येक उमेदवारासाठी एक स्वतंत्र पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह डकवलेले असे. मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकून बाहेर पडे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत बहुतेक ठिकाणी नावे व चिन्हे छापलेल्या मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, पुढे यंत्रे आली, आणि २०१५ पासून नावाशेजारी उमेदवाराचे छायाचित्रही आले. साधने पालटली, तरी मूळ प्रश्न तोच राहिला : पेटी ठेवावयाची ती कोणाकोणाची?

कायद्याचे उत्तर मोठे उदार आहे. संविधानाच्या १७३ व्या अनुच्छेदानुसार विधानसभेच्या उमेदवाराने भारताचा नागरिक असावे, त्याचे वय किमान २५ वर्षे असावे आणि त्याने संविधानाशी निष्ठेची शपथ घेतलेली असावी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यात आणखी एक अट आहे. ती म्हणजे तो त्या राज्यातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाचा मतदार असावा. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, त्याच मतदारसंघात राहण्याचीही नाही. आपल्या सीमाभागात या अटीचा अर्थ विशेष स्पष्ट दिसतो. राखीव जागांचा अपवाद सोडला तर बेळगावचा मतदार कर्नाटकातील २२४ मतदारसंघांपैकी कोठूनही उभा राहू शकतो. पण शेजारच्या चंदगडातून त्याला उभे राहता येणार नाही, कारण चंदगड दुसऱ्या राज्यात आहे. नातीगोती, बाजारहाट आणि भाषा यांना जी रेषा ठाऊक नाही, ती मतदारयादीला ठाऊक असते.

अपात्रतेची कारणे १९१ व्या अनुच्छेदात व १९५१ च्या कायद्यात दिली आहेत. शासनाखालील लाभाचे पद, न्यायालयाने ठरविलेली मनोविकलता, दिवाळखोरी ही त्यांतील काही. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला मनुष्य शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे उभा राहू शकत नाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की अपात्रता सामान्यतः दोषसिद्धीने येते. खटला नुसता चालू असल्याने ती येत नाही.

आता प्रत्यक्ष वाट पाहू. अधिसूचना निघाली की सातव्या दिवसापर्यंत अर्ज भरता येतो. त्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. अर्ज उमेदवाराने किंवा त्याच्या सूचकाने स्वतः निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती द्यावयाचा असतो. एका मतदारसंघात एकाच उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात, म्हणजे एकात चूक राहिली तर दुसरा उपयोगी पडतो. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातील मतदार असेल तर तेथील मतदारयादीतील नोंदीची प्रमाणित प्रत लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातील एक सूचक पुरतो, तर अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक आणावे लागतात. अनामत रक्कम आज १०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी, म्हणजे ५,००० रुपये. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ही रक्कम जप्त होते. शपथ छाननीच्या दिवसापूर्वी घ्यावी लागते. ही शपथ विसरल्यामुळे चांगले तयारीचे उमेदवारही बाद होऊ शकतात.

यांखेरीज सोबत शपथपत्र असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ व २००३ साली दिलेल्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. २०१३ साली न्यायालयाने असेही सांगितले, की शपथपत्रातील रकाने कोरे ठेवणे म्हणजे मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क डावलणे होय. अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही ते कोरे राहिले तर अर्ज नाकारता येतो.

अर्जांच्या मुदतीनंतरच्या दिवशी छाननी होते. या प्रक्रियेचे मर्म छाननीत आहे. कायदा अधिकाऱ्याला बजावतो, की दोष जर मूलभूत स्वरूपाचा नसेल तर त्यावरून अर्ज नाकारू नये. नावातील लेखनाची चूक, यादीतील क्रमांकाची किरकोळ गफलत यांवरून कोणाची उमेदवारी जाऊ नये, हा त्यातील हेतू. याहून अधिक सूचक अशी आणखी एक तरतूद आहे. एखादा अर्ज चुकीने नाकारला गेल्याचे निवडणूक याचिकेत सिद्ध झाले, तर तेथील निवडणूक तेवढ्यानेच रद्द होते. उलट एखादा अर्ज चुकीने स्वीकारला गेला असेल, तर निकालावर त्याचा खरोखर परिणाम झाला हे याचिकाकर्त्याला दाखवावे लागते. मनुष्य आत येण्यात चूक झाली तर ती सोसता येईल, पण तो बाहेर ठेवण्यात झालेली चूक सोसता येणार नाही, असा या दोन तरतुदींचा भावार्थ आहे. आपल्या कायदेकर्त्यांची वृत्ती यातून दिसते.

मात्र या न्यायाला एक मर्यादा आहे आणि तिचा इतिहास आपल्या पहिल्याच निवडणुकीपर्यंत जातो. मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी नामक गृहस्थांचा विधानसभेसाठीचा अर्ज नाकारला गेला. ते उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदातील ‘निवडणूक’ या शब्दात अधिसूचनेपासून निकालापर्यंतची संपूर्ण प्रक्रिया येते. त्यामुळे मधल्या कोणत्याही टप्प्यावर तिला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, जे म्हणावयाचे ते निकालानंतर याचिकेत म्हणावे. निवडणुका वेळेवर पार पडाव्यात यासाठी हे आवश्यक होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचा अर्ज अन्यायाने गेला त्याला न्याय मिळालाच तर तो पुष्कळ काळाने मिळतो. म्हणून छाननीच्या टेबलापाशी बसलेल्या अधिकाऱ्याच्या विवेकावर किती भार आहे, याची कल्पना यावी.

छाननीनंतर माघारीसाठी दोन दिवस मिळतात. मुदत संपली की अंतिम यादी लागते. तिच्यात आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत परंतु अमान्यताप्राप्त पक्षांचे आणि शेवटी अपक्ष उमेदवार येतात. प्रत्येक गटात क्रम वर्णानुक्रमाने असतो. दोन उमेदवारांची नावे एकच असतील तर व्यवसाय किंवा निवासस्थान जोडून त्यांतील भेद दाखवितात. प्रबळ उमेदवाराच्या नावाचाच दुसरा मनुष्य उभा करण्याची युक्ती आपल्याकडे किती जुनी आहे, हे या नियमावरून समजावे.

श्रोतेहो, हा झाला कायद्याचा दरवाजा. तो आज आहे तसाच पूर्वी नव्हता. तो बदलण्यात आपल्या बेळगावचा वाटा आहे, म्हणून त्या हकिकतीपाशी थोडे थांबतो.

१९९६ पर्यंत विधानसभेसाठी अनामत २५० रुपये आणि लोकसभेसाठी ५०० रुपये होती. अपक्षालाही एकच सूचक पुरे. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीने योजलेला तो मार्ग होता. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील नलगोंडा येथे ४८० उमेदवार होते. तेथील गाऱ्हाणे फ्लोराइडयुक्त पाण्याचे. तमिळनाडू विधानसभेच्या मोडकुरिची मतदारसंघात तर शेतकऱ्यांनी कळस केला. तेथे १,०३३ उमेदवार होते आणि मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली. तिन्ही ठिकाणचे गाऱ्हाणे वेगळे, प्रांत वेगळे आणि भाषा वेगळी, पण कल्पना एकच होती. ज्या कागदाकडे शासनाला पाहावेच लागते, त्या कागदावर आपली नावे लिहावयाची.

या प्रकाराकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक दृष्टी प्रशासनाची. एवढ्या नावांच्या जंगलात मतदाराने आपले चिन्ह शोधावे कसे, एवढी वेगवेगळी चिन्हे आणावी कोठून, मोजणी कशी व्हावी? वृद्ध आणि निरक्षर मतदाराची त्यात अडचण होते हे खरे, आणि ती आपल्याच भाषेच्या मतदाराचीही झाली असणार. दुसरी दृष्टी गाऱ्हाणे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची. अर्ज झाले, मोर्चे झाले, ठराव झाले, आता उरला तो हाच एक कागद, असे तो म्हणतो. निवडून येण्यासाठी उमेदवारी ही कायद्याची कल्पना, तर साक्ष देण्यासाठी उमेदवारी ही या लोकांची कल्पना होती. माझ्या मते या साक्षीला थट्टा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. त्याचबरोबर, मतपत्रिका हे निवडीचे साधन आहे आणि निवड करणे अशक्य होईल इतके ते ताणले तर शेवटी मतदाराचाच हक्क कमी होतो, हेही तितकेच खरे आहे.

संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला. विधानसभेची अनामत २५० वरून ५,००० रुपये झाली आणि लोकसभेची ५०० वरून १०,००० रुपये. अपक्षांना दहा सूचकांची अट लागली. एकाच व्यक्तीला दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून उभे राहण्यास मनाई झाली. माघारीनंतर मतदानापर्यंतचा किमान अवधी २० दिवसांवरून १४ दिवसांवर आला. परिणाम तत्काळ दिसला. १९९६ च्या लोकसभेला देशभर १३,९५२ उमेदवार होते, १९९८ च्या लोकसभेला ४,७५०. पुढे २०१० पासून अनामत विधानसभेसाठी १०,००० आणि लोकसभेसाठी २५,००० झाली.

म्हणजे दरवाजा अरुंद झाला. तो योग्य माणसांसाठी उघडा राहिला काय, हा खरा प्रश्न. अनामतीचा हेतू हौशी उमेदवारांना आवरण्याचा. परंतु पैसा हौस आणि कळकळ यांत भेद करीत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे असा हौशी मनुष्य सहज आत येतो आणि पैसा नसलेला कळकळीचा मनुष्य बाहेर राहतो. शिवाय ठाम निश्चय असलेल्या समुदायाला अनामत अडवू शकत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणातील निजामाबाद येथे १८५ उमेदवार होते आणि त्यांतील बहुसंख्य हळद पिकविणारे शेतकरी होते. प्रत्येकी २५,००० रुपये भरून ते उभे राहिले आणि निवडणूक आयोगाला एकेका केंद्रावर बारा-बारा मतदान युनिटे मांडावी लागली. त्याच निवडणुकीत बेळगावातही पन्नासहून अधिक उमेदवार होते.

दहा सूचकांची अट मला याहून अधिक न्याय्य वाटते. सूचक पैशाने नव्हे तर ओळखीने आणि विश्वासाने मिळावयाचा असतो. तो त्याच मतदारसंघाचा मतदार असतो आणि आपले नाव व सही देऊन ‘हा मनुष्य आमच्यापुढे यावा’ असे तो सांगतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे उमेदवारीचे नियम वेगळे आहेत आणि तेथे मतदारांच्या सह्या गोळा करून मतपत्रिकेवर येण्याची पद्धत जुनी आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्याला शुल्क भरणे शक्य नाही अशा उमेदवाराला दुसरा मार्ग ठेवल्याविना केवळ शुल्कापायी मतपत्रिकेवरून वगळता येणार नाही. सह्यांचाही अतिरेक होतो. ओहायो राज्याने नव्या पक्षांकडून मागील निवडणुकीतील मतदानाच्या १५ टक्के इतक्या सह्या मागितल्या, तेव्हा १९६८ साली त्याच न्यायालयाला ती व्यवस्था मोडावी लागली. तरी तत्त्व घेण्यासारखे आहे. आपल्याकडेही अनामत भरण्याऐवजी अधिक सूचक आणण्याचा पर्याय असता, तर गरीब पण लोकांच्या विश्वासातील कार्यकर्त्याची वाट मोकळी झाली असती.

आतापर्यंत ज्या दरवाजाविषयी बोललो, तो कायद्याचा. त्याच्या आत आणखी एक दरवाजा आहे, तो पक्षाचा. आणि बहुतेक मतदारसंघांत निकाल ठरतो तो तेथे. मान्यताप्राप्त पक्षाचे राखीव चिन्ह मिळण्यासाठी दोन कागद लागतात. आपण त्यांना ‘ए-बी फॉर्म’ म्हणतो. ‘ए’ फॉर्मने पक्ष कळवितो, की उमेदवारांची नावे देण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला आहे. ती व्यक्ती ‘बी’ फॉर्मने उमेदवाराचे नाव देते. हे कागद अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचावे लागतात. त्या दिवशी कचेरीच्या आवारात जी धावपळ दिसते ती या एका कागदासाठी असते. वीस वर्षे पक्षाचे काम केलेला कार्यकर्ता आणि काल पक्षात आलेला धनिक, यांपैकी चिन्ह कोणाला, हे तो कागद ठरवितो. उरलेला ‘बंडखोर’ म्हणून अपक्ष उभा राहतो किंवा मुकाट्याने घरी जातो.

कायद्याच्या दरवाजावर अधिकारी आहे, नियम आहे, निकालानंतर का होईना पण याचिका आहे. पक्षाच्या दरवाजावर यांपैकी काहीच नाही. ‘बी’ फॉर्म कोणाला द्यावा, सभासदांना विचारून द्यावा की एकाने खोलीत बसून द्यावा, याविषयी आपला कायदा मौन आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली कायदा करून पक्षाचा उमेदवार मतदारांनीच प्राथमिक निवडणुकीत निवडावा असे ठरविले आणि पुढे ती प्रथा अमेरिकेत पसरली. तिचेही दोष आहेत. तिने निवडणूक लांबली आणि खर्च वाढला. पण पक्षाचा आतला दरवाजा हा खाजगी नव्हे, हे तिने मान्य केले. आपल्याकडे त्या दरवाजाची फट प्रथम किलकिली केली ती सर्वोच्च न्यायालयाने. फौजदारी प्रकरणे असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर का दिली आणि अशी प्रकरणे नसलेला दुसरा का निवडला नाही, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावीत, असा आदेश न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण पुरेसे नाही, असेही त्यात म्हटले आहे.

पक्षाचा दरवाजा नसेल तर काय होते, याचा अनुभवही आपल्या भागाला आहे. समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष असतात. तेथे ‘बी’ फॉर्म नाही, म्हणून अधिकृत कोण हे ठरविणारा कागदही नाही. एकमत असेल तेव्हा ही उणीव जाणवत नाही. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत दोन गटांनी वेगवेगळे उमेदवार उभे केले आणि एकही जागा हाती लागली नाही. बंद खोलीतील निर्णय वाईट हे खरे, पण निर्णय घेण्याची कोणतीच मान्य रीत नसणे हेही तितकेच घातक आहे. आवश्यकता आहे ती उघड, आधी ठरलेल्या आणि सर्वांनी पाळावयाच्या रीतीची.

आणखी एक आकडा सांगून आवरतो घेतो. २०२२ पासून मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. १०,००० रुपयांच्या अनामतीचा आपण विचार करतो, पण तिच्यापलीकडे हा डोंगर उभा आहे. सामान्य मनुष्य कायद्याने पात्र असूनही उमेदवारीचा विचार स्वप्नातही का करीत नाही, हे त्यावरून कळावे.

मग आपण काय करावे? मतदान यंत्रांवर ‘नोटा’ची सोय २०१३ पासून आहे असे कोणी म्हणेल, पण नोटा म्हणजे आलेल्या नावांविषयीची नापसंती. हवे असलेले नाव त्याने येत नाही. नाव आणावयाचे तर आधीच हालचाल करावी लागते. आपल्या परिसरात एखादा चोख मनुष्य असेल आणि त्याच्यापाशी पक्ष नसेल, तर त्याच्या दहा सूचकांतील एक होण्यास आपण तयार असावे. ती सही करण्यास सुशिक्षित मनुष्य कचरतो, कारण तिच्याने आपण उघडे पडतो. मत गुप्त असते, सूचकाची सही उघड असते. नेमके म्हणूनच तिला मोल आहे. दुसरे असे, की शपथपत्रे प्रसिद्ध होतात. ती मतदानाच्या आधी वाचावीत आणि आपल्या घरात, आळीत त्यांची चर्चा करावी. तिसरे, जे कोणत्याही पक्षात वा संघटनेत आहेत त्यांनी उमेदवार कसा ठरला, हा प्रश्न तेथे उठून विचारावा. उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न इतिवृत्तात नोंदवावा.

मतदानाच्या दिवशी आपण जे करतो ते या दीर्घ प्रक्रियेचे शेवटचे पाऊल आहे. पहिले पाऊल अर्जाच्या कोऱ्या कागदापाशी पडते आणि तेथे आपली अनुपस्थिती असते. ज्या शाळेने आपल्याला आपले नाव स्वच्छ अक्षरांत लिहावयास शिकविले, त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी ते योग्य कागदावर, योग्य वेळी लिहिण्याचेही धैर्य धरावे, एवढीच माझी विनंती आहे.